मागे बघ, कोण आलंय

शाळेच्या फाटकाशी कवायतमास्तर महारुद्र भेटला. रोजच्यासारखं "काय गफारमास्तर" म्हणायचं सोडून त्याने उजव्या हाताची दोन बोटं खालच्या ओठाला टेकवली, जराशी तिथंच धरली आणि मग फुंकर घालावी तशी हवेत उघडून सोडून दिली. वर मिशीतल्या मिशीत हसला. गफारची मान गर्रकन मागे वळली. मागे रस्ता होता. रस्त्यावर कडब्याची एक गाडी आणि गाडीच्या सावलीत चालणारं कुत्रं, एवढंच. दुसरं कुणी नव्हतं. कुणी असणार नाही हे त्याला ठाऊक होतं, पण मान आधी वळली आणि ठाऊक असणं मागाहून आलं. "जमलं का?" महारुद्र विचारत होता. "चार दिवस झालं पोरांना शिकवायलोय. तुमची आई स्टेजवर बसली की सगळी शाळा एकदम करणार बघा. तिला तिच्याच भाषेत रामराम." आणि उत्तराची वाट न बघता, गळ्यातली शिट्टी सावरत तो तोरण बांधणाऱ्या पोरांवर ओरडायला निघून गेला.

तो रामराम नव्हता. ते एका मुलीचं नाव होतं. गफारच्या धाकट्या बहिणीचं, मदिनाचं. मदिना जाऊन दहाएक वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात कुठल्याही हाताने ते नाव केलं नव्हतं. आता ते उस्मानाबादच्या एका शाळेतल्या सगळ्या पोरांना येत होतं, आणि येत होतं ते गफारने छापलं म्हणून.

छापलं होतं पुण्याच्या एका संशोधन त्रैमासिकात. मुक्यांच्या हातभाषेवर लेख, सोबत हातांची छायाचित्रं. खरं सांगायचं तर शाळेत तो लेख सगळ्यांनी पाहिला, वाचला कुणीच नाही. हेडमास्तर आण्णासाहेबांनी पानं उलटली, चित्रांवर बोट फिरवलं, आपल्या शाळेचं नाव लेखकाच्या नावाखाली छापलंय ना हे दोनदा बघितलं आणि सत्कार ठरवला. लेखकाचा आणि लेखकाच्या आईचाही. आईला बोलवा ही कल्पना कुणाची म्हणाल तर गफारचीच. त्याला वाटलं होतं, जन्मभर गावाने जिला 'मुकी' म्हणून हाक मारली, आणि तीही जिला कधी ऐकू गेली नाही, तिने एकदा खुर्चीवर बसावं आणि पुढे सगळी शाळा उभी राहावी. हे वाटताना त्याचा ऊर भरून आला होता. आता ढोकीहून येणाऱ्या एसटीला ती बसलीसुद्धा असेल, आणि तिला उतरवून घ्यायला तो स्टँडकडे चालला होता, आणि प्रत्येक पावलाला त्याला वाटत होतं की गाडी बंद पडावी, घाटात नाही तर नाही, निदान माळावर बंद पडावी आणि संध्याकाळपर्यंत तशीच राहावी.

गफारचं घर पिंजाऱ्याचं. बाप बाबामियाँ कापूस पिंजायचा, आई खैरुनबी गाद्या भरायची, शिवायची. खैरुनबी जन्माची बहिरी, आणि तिची बहीण हमिदाबी, गफारची खाला, तीही तशीच. नवरा नांदवीना म्हणून बहिणीकडेच राहिलेली. दोघी बहिणींनी लहानपणीच हातांची एक बोली जुळवली होती, बाबामियाँ लग्नानंतर ती शिकला, आणि गफार तर त्या बोलीतच जन्मला. बाहेरच्या जगात त्याच्या भाषा बदलत गेल्या. निजामाचं राज्य होतं तेव्हा शाळेत उर्दू, राज्य गेलं तशी मराठी. ज्या मास्तरांनी अलिफ बे गिरवून घेतलं तेच एक दिवस फळ्यावर ग म भ न काढायला लागले. मातृभाषा विचारली की तो आधी उर्दू सांगायचा, मग मराठी सांगायला लागला, आणि दोन्ही वेळा आपण खोटं बोलतोय असं त्याला वाटायचं. आईने त्याला एक अक्षर तोंडाने शिकवलं नव्हतं. त्यानेही तिला आयुष्यात कधी हाक मारली नव्हती. अम्मा हा शब्द त्याला दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर कळला. पिंजणाची तार वाजली की त्याच्या कानाला तो आवाज यायचा आणि आईच्या तळपायांना यायचा, आणि दोघं एकाच वेळी मान वर करायचे. सगळ्या घरात भरून राहिलेल्या कापसाच्या त्या पांढऱ्या धुरळ्यात आपण सगळे सारखेच आहोत असं त्याला बरीच वर्षं वाटत होतं.

त्या घरात एक रीत होती. बहिऱ्या माणसाला पाठीमागचं जग नसतं. म्हणून ज्याचं तोंड दाराकडे असेल त्याने, दाराकडे पाठ असलेल्याला, कोण आलंय ते हाताने सांगायचं. सांगायचं म्हणजे आलेल्या माणसाचं नाव करायचं. लंगडणारा पाटील आला की दोन बोटं तळहातावर लंगडायची. शेजारची शांताक्का आली की गालावर देवीचे वण टोचायचे. खुद्द गफारचं नाव म्हणजे तर्जनी कानाला लावून बाहेर सोडायची. घरात ऐकणारं पोर तेवढं एकच. नाव झालं की समोरच्याने मागे वळून बघायचं. गावाला गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं असेल तर आधी ती दिशा दाखवायची, ढोकीकडे, तुळजापूरकडे, आणि मग नाव. दिशा न दाखवता नाव केलं तर त्याचा अर्थ एकच. मागे बघ, आलंय. आणि मेलेल्याला कुठली दिशा दाखवणार, म्हणून मेलेल्या माणसाचं नाव ठेवून द्यायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. बाबामियाँ गेला तेव्हा त्याचं नाव असंच ठेवून दिलं गेलं, त्याचं पिंजण आढ्याला बांधून ठेवलं गेलं तसंच. या रीतीवर गफारने लेखात अख्खं प्रकरण लिहिलं होतं. पुण्याच्या संपादकांनी त्या प्रकरणाचं फार कौतुक केलं. नुसते हातवारे नाहीत, यात व्याकरण आहे, असं त्यांनी कळवलं. "मृत व्यक्तीची नामखूण वापरातून जाते." हे वाक्य त्याचंच होतं. पाच शब्दांचं वाक्य लिहून झाल्यावर तो पाणी प्यायला होता आणि त्याने पुढचा परिच्छेद सुरू केला होता.

आता मदिनाचं. मदिना झाली तेव्हा गफार मोठा होता, त्याला सगळं आठवत होतं. ती रांगायला लागली तेव्हा एकदा परात तिच्या मागे दणकन पडली, गफार दचकला, बाबामियाँ दचकला, आणि पोरगी खेळत राहिली. बाप डोकं धरून बसला. खैरुनबीने मात्र पोरीला उचललं, दोघांच्या तोंडांकडे बघितलं, त्या तोंडांवरून काय झालं ते ओळखलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की गफार बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी तिने शेजारीपाजारी गूळ वाटला. मुकीला येड लागलं असं गल्ली म्हणाली. गफारला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आई त्याच्याशी बोलते ते जरा सावकाश, जरा सोपं करून बोलते, आपण लांबच्या पाहुण्याशी बोलावं तसं. मदिनाशी तिला तसं बोलावं लागलं नाही. त्या दोघींचे हात कंदिलाच्या उजेडात इतक्या झपाट्याने चालायचे की गफारला निम्मं कळायचं नाही, आणि विचारलं तर दोघी हसायच्या. त्याला तेव्हा बहिणीचा हेवा वाटायचा. अगदी लख्ख हेवा, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

आईला बोलवायचं तर बाकीचे सगळे तिचा पदर ओढायचे, नाही तर जमिनीवर पाय आपटायचे. मदिना तसं करायची नाही. गादी शिवताना खैरुनबीच्या मानेवर कापसाचे पुंजके चिकटलेले असायचे. मदिना मागून यायची, दोन बोटं ओठाशी धरून त्या मानेवर हलकेच फुंकर घालायची, कापूस उडायचा आणि खैरुनबी वळायची. दर वेळी वळायची, दर वेळी हसायची. तेच मदिनाचं नाव झालं. ओठाशी दोन बोटं आणि फुंकर. ते करताना गाल फुगायचे, डोळे बारीक व्हायचे. मग देवीची साथ आली आणि वण उरायलासुद्धा मदिना उरली नाही. चाळिसावा झाल्यावर केव्हातरी दुपारी खैरुनबी गादी शिवत होती, दारातून वाऱ्याची झुळूक आली, आणि ती वळली. हसऱ्या चेहऱ्याने वळली. गफार तिथं होता, खाला तिथं होती. दोघांनी तो चेहरा पाहिला आणि तो पुन्हा सरळ होतानाही पाहिला. त्यानंतर खैरुनबीने पदर मानेभोवती घट्ट गुंडाळायला सुरुवात केली, भर उन्हाळ्यातसुद्धा.

आणि हे सगळं माहीत असताना त्याने ते छापलं. का छापलं? स्टँडवरच्या बाकावर बसून गफार स्वतःला विचारत होता, आणि उत्तर इतकं साधं होतं की त्याचीच त्याला किळस आली. संपादकांचा निरोप आला होता की लेखातल्या नामखुणा सगळ्या व्यंगावरून आलेल्या आहेत, लंगडा, वणवाली, चकणा; विद्वान म्हणतील की ही नुसती नक्कल आहे, भाषा नव्हे; नकलेपलीकडची एखादी खूण मिळाली तर लेख वजनदार होईल. एखादी खूण. त्याच्याजवळ एक होती. चार दिवस त्याने नाही नाही म्हटलं. पाचव्या दिवशी तो खाजाभाईच्या फोटो स्टुडिओत स्टुलावर बसला होता आणि त्याच्या पाठीमागे तळं, कमळं आणि संगमरवरी जिना रंगवलेला पडदा होता. मागे पडदा आहे, मागून कुणी येऊ शकत नाही, असं त्याने स्वतःला बजावलं आणि बोटं ओठाला लावली. खाजाभाई म्हणाला, मास्तर, हलू नका. तो हलला नाही. पुण्याला छपाईचे ठसे करताना जागा वाचावी म्हणून ओठांच्या वरचा चेहरा कापून टाकला. फुगलेले गाल नाहीत, बारीक झालेले डोळे नाहीत. उरला तो एक हात, कुणी अदबीने सलाम करावा तसा. अंक हातात आला तेव्हा गफार ते चित्र किती तरी वेळ बघत बसला होता, आणि तेव्हा त्याला वाईट वाटलं नव्हतं. आनंद झाला होता. आपल्या घरचे हात पुण्याच्या कागदावर, खाली आपलं नाव. आईला अंक दाखवताना त्याने तेवढं पान दोन पानांमध्ये धरून उलटलं होतं. म्हणजे कळत नव्हतं असं नाही. पुण्याचं त्रैमासिक गावात कोण वाचणार, एवढाच हिशेब त्याने केला होता, आणि न वाचताही माणसं चित्रं बघतात ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

एसटी आली. बंद पडली नाही, उशीर झाला नाही. खैरुनबी उतरली ती हिरवं लुगडं नेसून, मानेभोवती पदर, हातात खालाने फडक्यात बांधून दिलेली भाकरी. उतरल्या उतरल्या तिने कंडक्टरची नक्कल केली. तो कसा ओरडत होता, त्याच्या गळ्याच्या शिरा कशा फुगल्या होत्या, आणि शेजारच्या बाईने कानाला हात लावून 'हिला ऐकू येत नाही' असं त्याला कसं सांगितलं आणि तरी तो आणखी मोठ्याने कसा ओरडला. लोक थांबून बघत होते. एरवी गफारला लाज वाटायची, आज वाटली नाही. ती फार खुशीत होती. शाळेपर्यंतच्या रस्त्यात तिने दोनदा विचारलं की मी तिथं काय करायचं, आणि त्याने दोनदा सांगितलं की नुसतं बसायचं.

शिक्षकांच्या खोलीत तिला चहा दिला. खोलीत दोघंच होते. आता सांगायला हवं होतं. पण सांगायचं कसं? त्या भाषेत ते सांगायची एकच वाट होती आणि ती त्या नावावरून जात होती. पोरं मदिनाचं नाव करतील, तू वळू नको, हे सांगायला आधी मदिनाचं नाव करायला हवं, आणि ते केलं की ती वळणार. दार तिच्या पाठीमागेच होतं. खोलीत पाचेक भाषांची पुस्तकं होती, त्यातली कुठलीही भाषा त्याच्या उपयोगाची नव्हती. त्याने सुरुवात केली. पोरं हात करतील, त्याने सांगितलं. मनाला लावून घेऊ नको. खैरुनबीने भुवया वर केल्या: काय म्हणतील? त्याने हात उचलला. तळहात जमिनीकडे करून कमरेखाली धरला, एका लहान पोरीच्या उंचीएवढा. एवढंच केलं. खैरुनबीने त्या हाताकडे पाहिलं, म्हणजे त्या हाताखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि हळूच नजर काढून खिडकीकडे नेली. खिडकीबाहेर कडुनिंब होता. ती परत त्याच्याकडे बघेपर्यंत त्याचा हात खाली आला होता. "लहान पोरं आहेत, खूप आहेत, घाबरू नको," असं काहीतरी त्याच्या हातांनी सांगितलं. ती हसली. पोरांना कोण घाबरतं, ती म्हणाली, आणि बशीतला उरलेला चहा प्यायली.

मग मात्र तो पळाला. खरोखर पळाला, धोतर सावरत, पटांगणातून. महारुद्र सभागृहाच्या दाराशी पोरांच्या रांगा सरळ करत होता. गफारने त्याला बाजूला ओढलं.

"ती खूण नको. पोरांना सांगा, नुसते हात जोडा म्हणावं."

"का वो? छापलीय की तुमीच. लई गोड दिसती."

"ते नाव आहे."

"कुणाचं?"

ते नाव घरात हाताने दहा वर्षं केलं नव्हतं तसं तोंडानेही दहा वर्षं म्हटलं नव्हतं, हे गफारला तिथं, त्या दाराशी, उमगलं. "माझ्या बहिणीचं," तो म्हणाला. "मेलेल्या. ते केलं की मागे वळून बघतात. ती वळून बघेल, महारुद्रराव."

महारुद्र वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा पडला. "आरारा," तो म्हणाला, "मला वाचाय पायजे होतं," आणि लगेच वळून पहिल्या रांगेशी वाकून वाकून सांगायला लागला, नको, हात जोडा, नको, हात जोडा. पण तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, ताशा वाजला, पोरं आत शिरली, आणि गफारला कुणीतरी दंडाला धरून स्टेजवर नेलं.

स्टेज म्हणजे लाकडी फळ्यांचं, मागे निळा पडदा, पडद्यामागे कवायतीच्या सामानाची खोली आणि तिचं दार. खैरुनबी खुर्चीवर बसली होती. तिने चपला काढून तळपाय फळ्यांना टेकवले होते. आण्णासाहेब लाउडस्पीकरवर बोलायला लागले तसं तिने गफारकडे बघून हळूच सांगितलं, हा मोठ्याने बोलतोय, पिंजणासारखा. आण्णासाहेब बोलले. मुक्यांना वाचा देणारा आपल्या शाळेचा सुपुत्र, असं बोलले. गफार पोरांकडे बघत होता. महारुद्र भिंतीकडेने वाकून रांगांमधून चालला होता. तो तिसऱ्या रांगेत पोचला, चौथ्या रांगेत पोचला, मागे रांगाच रांगा होत्या. गफारच्या गळ्यात हार पडला, खांद्यावरून घसरणारी शाल त्याला एका हाताने धरावी लागली, दुसऱ्या हातात कुणीतरी नारळ दिला आणि नारळावर गुलाबाचं फूल. आणि आण्णासाहेब म्हणाले, आता विद्यार्थी मातोश्रींना त्यांच्याच भाषेत वंदन करतील.

महारुद्र मधूनच ताडकन उभा राहिला. दोन्ही हात वर करून तो जोरजोराने हलवायला लागला, नको, नको. पोरांनी चार दिवस पाहिलं होतं की कवायतमास्तरचे हात वर गेले की सुरू करायचं. पहिल्या चार रांगांनीसुद्धा, वाकून सांगितलेलं सगळं विसरून, बाकीच्यांबरोबर उजवा हात उचलला. शेकडो बोटं ओठांना लागली, थांबली, आणि हवेत उघडली.

खैरुनबी वळली. नुसती मान नाही, सगळी वळली, खुर्चीवरून अर्धी उठली. तिचा हात मानेवर गेला आणि पदर सुटला. गफार तिच्या बाजूला उभा होता, त्यामुळे सभागृहाला न दिसलेली गोष्ट त्याला दिसली: तिचा चेहरा. तो उजळला होता. परात पडली त्या दिवसासारखा फुलला होता. समोर निळा पडदा होता, मागच्या दारातून येणाऱ्या वाऱ्याने तो फुगत होता आणि बसत होता, आणि खैरुनबी त्या पडद्याच्या खालच्या भागाकडे बघत होती, एका लहान पोरीचं तोंड जिथं यावं तिथं. किती वेळ बघत होती ते त्याला सांगता आलं नसतं. पोरांना वाटलं, आवडलं. त्यांनी आपणहून पुन्हा केलं, खिदळत, आणखी जोरात फुंकर घालत. पण तोवर ती सरळ झाली होती. या वेळी तिने ते सगळं तोंडासमोर पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मदिनाचं नाव, मदिनाचं नाव, मदिनाचं नाव. मग तिने गफारकडे पाहिलं. हे नाव मुळात येणारी जगात तीनच माणसं उरली होती. एक ती स्वतः, एक घरी होती, आणि एक शाल पांघरून उभा होता.

"मातोश्रींना गहिवरून आलं," आण्णासाहेब लाउडस्पीकरवर म्हणाले आणि टाळ्या पडल्या. गफारला बोलायचं होतं. त्याच्याजवळ जेवढं होतं नव्हतं तेवढं सगळं त्या क्षणी त्याला तिला सांगायचं होतं, पण एका हातात शाल होती आणि दुसऱ्यात नारळ. तो मुका उभा राहिला. खैरुनबीचे ओठ, जे कधीच काही म्हणत नसत, जरासे हलले. तिने सुटलेला पदर ओढून घेतला, मानेभोवती गुंडाळला, आणि दोन्ही हात पदराच्या आत घेतले. नारळ त्याच्या हातून सुटला तेव्हा फळ्यांवर तो आपटलेला तिच्या तळपायांना कळला असणारच. तिने बघितलं नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. हात पदराच्या आतच होते. गाडी माळावरून चालली होती, दोन्ही बाजूंना ज्वारीची कापलेली रानं, धसकटं, उन्हाने पांढरी पडलेली. गफार तिच्या बाजूला अर्धा वळून बसला आणि बोलायला लागला. चुकलं, त्याने सांगितलं. छापायला नको होतं. ही भाषा आहे हे मला लोकांना दाखवायचं होतं. असं सांगता सांगता त्याचेच हात त्याला परके वाटायला लागले; लेखातल्यासारखे नीटनेटके, एकेक खूण सुटी सुटी करून दाखवणारे. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती, त्यांना बघू दिलं. त्याने तिच्या गुडघ्याला हात लावला. तिने त्याच्याकडे तोंड केलं, त्याला वाटलं, आता तरी. आणि ती डोळे मिटून बसली. ऐकणाऱ्या माणसाला कान मिटता येत नाहीत, तो कितीही रागावला तरी समोरच्याचा आवाज त्याच्यात शिरत राहतो. खैरुनबीने डोळे मिटले आणि गफार होता तिथं नाहीसा झाला. तरी तो हात हलवत राहिला, ढोकी येईपर्यंत, कुणाला तरी. मग हात मांडीवर ठेवून बसला. ते हात आपले आहेत, आणि आता त्यांना बोलायला या जगात कुणी नाही, हे त्याला इतकं स्वच्छ कळलं की खिडकीच्या गजावर डोकं आपटावंसं वाटलं.

गावच्या फाट्यावर उतरून दोघं चालायला लागली तेव्हा दिवस मावळला होता. ती पुढे, तो मागे. त्याने तिला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्याने, "अम्मा" म्हणून. रस्त्याकडेची एक शेळी दचकली, बाकी काही झालं नाही. घराच्या उंबऱ्याशी खाला कंदील घेऊन बसली होती, दाराबाहेर तोंड करून, सत्काराची हकीकत जाणून घ्यायला अधीर. तिने बहिणीला येताना पाहिलं, मग तिच्या मागून येणाऱ्या गफारला पाहिलं. रीतीप्रमाणे तिने तर्जनी कानाला लावली आणि बाहेर सोडली. गफार. मागे बघ, आलाय. खैरुनबी चालत राहिली. हमिदाबीला वाटलं, अंधारात दिसलं नसेल. तिने कंदील उचलून आपल्या तोंडाशी धरला आणि त्या उजेडात पुन्हा एकदा, सावकाश, गफारचं नाव केलं. खैरुनबीने ते नीट पाहिलं. मग मागे न वळता ती बहिणीच्या बाजूने उंबरा ओलांडून आत गेली.